गोव्यात पाइन ओळखावा कसा आणि वाढवावा कसा

गोव्यातील एखाद्या रोपवाटिकेत जाऊन ‘पाइन’ मागितला, तर हातात निदान तीन वेगवेगळ्या जातींचे रोप पडू शकते, आणि त्यांपैकी एकही पाइन नसण्याची शक्यता बरीच मोठी आहे. फोंडा तालुक्यातील आमच्या भाटात, म्हणजे घरच्या बागायतीत, मी नाताळच्या दिवसांत विकत आणलेली दोन रोपे पाइन समजून तीन वर्षे वाढवली आणि ती पाइन नव्हेत हे त्यानंतर मला कळले. मग खऱ्या पाइनचे बी मिळवून चाळीस रोपे केली, ती एकामागून एक पिवळी पडून गेली. दुसऱ्या खेपेस मात्र चूक कुठे होते हे समजले आणि आज त्या खेपेची अकरा झाडे उभी आहेत. आपल्या हवामानात पाइन उन्हाने किंवा पाण्याच्या कमतरतेने सहसा मरत नाही. चुकीची जात, मुळाशी नसलेली बुरशी आणि माडाला करतो तशी खतपाण्याची काळजी, या तीन कारणांनी तो जातो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची ती वर्षे वाचावीत म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

१. झाड पाइनच आहे ना, हे आधी ठरवा

ओळखीसाठी झाडाच्या एकूण आकाराकडे न पाहता पानाकडे पाहावे. पाइनची पाने सुयांसारखी असतात, पण त्या सुया फांदीवर एकेकट्या फुटत नाहीत. दोन, तीन किंवा पाच सुयांचा एक झुबका असतो आणि त्या झुबक्याच्या बुडाशी भुऱ्या रंगाचे, पातळ कागदासारखे आवरण गुंडाळलेले असते. असा एक झुबका अलगद ओढून घ्या आणि बोटांच्या चिमटीत सुया एकमेकींना चिकटवून पाहा. तीन सुयांचा झुबका असेल तर त्या तिन्ही मिळून एक गोल काडी तयार होते, कारण प्रत्येक सुई ही त्या गोलाचा तिसरा भाग असते. सुई मोडून चुरगाळली की टर्पेंटाइनसारखा राळेचा वास येतो. झुबका आणि राळेचा वास या दोन खुणा जुळल्या की पुढे जावे. त्यांपैकी झुबका नसेल तर ते झाड पाइन नव्हे, मग विकणारा काहीही सांगो.

आपल्याकडे पाइन म्हणून चालणारी झाडे पुढीलप्रमाणे आहेत.

मिरामार, कोलवा, कळंगुट अशा किनाऱ्यांवर दिसणारे सुरूचे झाड दुरून पाइनसारखे दिसते, पण ते फुलझाडांच्या वर्गातील आहे. त्याच्या ज्या हिरव्या ‘सुया’ वाटतात त्या खरे तर बारीक डहाळ्या आहेत. एक डहाळी दोन्ही हातांत धरून ताणली की ती पेरावर सुटते, आणि त्या पेराशी भिंगातून पाहिले तर सात-आठ इवल्या खवल्यांचे कडे दिसते. तीच त्याची खरी पाने. त्याची काटेरी फळे जेमतेम सुपारीएवढी किंवा त्याहून लहान असतात. जुन्या घरांत नाताळला सुरूचीच फांदी उभी करून सजवत असल्यामुळे अनेकांच्या मनात सुरू म्हणजेच पाइन हे समीकरण पक्के झालेले आहे.

डिसेंबरमध्ये म्हापसा आणि मडगावच्या बाजारांत कुंडीत विकले जाणारे, मजल्यामजल्याने आडव्या फांद्या फुटलेले ‘क्रिसमस ट्री’ हे अरौकारिया होय. ते शंकूधारी आहे, पण पाइनच्या कुळातले नाही. त्याची टोकदार पाने थेट डहाळीला लागलेली असतात, झुबका कुठेच नसतो. या नावाखाली दोन जाती मिळतात, एक मूळची नॉरफोक बेटावरची आणि दुसरी न्यू कॅलेडोनियाची. दुसरीचे खोड विषुववृत्ताच्या दिशेला झुकत वाढते असे अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतील झाडे मोजून दाखवले आहे, म्हणजे गोव्यात ती दक्षिणेकडे कलते. हे झाड तीस मीटरच्या वर जाऊ शकते, तेव्हा कुंडीतून काढून घराच्या भिंतीला लागून लावू नये. मी नेमके तेच केले होते.

मोरपंखी ओळखणे सोपे आहे. तिची पाने चपट्या पंख्यासारखी, एका पातळीत पसरलेली असतात.

२. कोणता पाइन लावायचा ते ठरवा

सह्याद्रीत पाइनची एकही जात मूळची नाही. दक्षिण भारतात निसर्गतः वाढणारा शंकूधारी वृक्ष एकच, नागेया, आणि तोही पाइन नव्हे. उटी किंवा कोडाईकनालला जी पाइनची बने आपण पाहतो ती माणसांनी लावलेली आहेत. त्यामुळे गोव्यात पाइन लावणे म्हणजे बाहेरचे झाड आणणेच होय, आणि कोणते आणावे याचा विचार आधी करावा लागतो.

बियांच्या दुकानांत सर्वांत सहज मिळणारे बी हिमालयातील चीड वृक्षाचे असते. तो साधारण ४५० ते २,३०० मीटर उंचीवर वाढतो, त्याच्या तीन-तीन सुया वीस ते तीस सेंटिमीटर लांब आणि खाली लोंबणाऱ्या असतात, आणि शंकू जड, जाड खवल्यांचा, खवल्याचे टोक मागे वळलेले असते. चीडाची रोपे पहिली काही वर्षे गवताच्या झुबक्यासारखी जमिनीलगत राहतात. आपल्या दमट हवेत ती जगतात, पण रेंगाळतात, असा माझा अनुभव आहे. मेघालयातील खासी पाइन आणि पाच सुयांचा हिमालयन कैल ही थंड डोंगराळ हवेची झाडे असल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

गोव्यासाठी माझ्या मते योग्य जात एकच, कॅरिबियन पाइन, म्हणजे पायनस कॅरिबिया. तो मध्य अमेरिकेचा पूर्व किनारा, क्युबाचा पश्चिम भाग आणि बहामा बेटे येथला आहे. समुद्रसपाटीपासूनच्या उष्ण प्रदेशात, आम्ल आणि निकस मातीत, भरपूर पाऊस आणि त्यानंतर काही महिन्यांचा कोरडा काळ अशा हवेत तो वाढतो. आपला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभ्याची आम्ल माती आणि डिसेंबर ते मे हा कोरडा काळ त्याला परका वाटत नाही. याच्या सुया बहुधा तीनच्या झुबक्यात, कधी चार-पाचच्याही, पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर लांब असतात. शंकू चीडापेक्षा बराच लहान आणि खवल्यावर बारीक काटा असलेला असतो.

३. जागा पाहा, आणि काही जागा मुद्दाम सोडा

पाइनला दिवसभर ऊन हवे. आंब्याच्या किंवा फणसाच्या सावलीत तो लांबट आणि अशक्त होतो. पाणी साचणारी जागा त्याला अजिबात चालत नाही, म्हणून कुळागराचा (पोफळीच्या बागेचा) ओलावा, खाजन म्हणजे खाडीकाठची सखल शेतजमीन आणि भाताच्या मळ्या सोडून द्याव्यात. मोरड म्हणजे उंचावरची कोरडी जमीन, भाटाचा वरचा उतार किंवा जांभ्याची माती असलेली टेकडी निवडावी. घरापासून आणि विजेच्या तारांपासून किमान दहा मीटर अंतर ठेवावे.

याखेरीज एक गोष्ट कळकळीने सांगतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या मोकळ्या पठारावर, पाइन लावू नका. ते पठार उन्हाळ्यात ओसाड दिसते, पण पावसाळ्यात तिथे जी रानफुले आणि कीटकभक्षी वनस्पती उगवतात त्यांना मोकळे ऊन आणि पातळ माती लागते. अभयारण्याच्या किंवा जंगलाच्या कडेलाही पाइन नको. पाइनचे बी पंखाचे असते, वाऱ्याने दूर जाते. न्यू कॅलेडोनियात कॅरिबियन पाइन असाच लागवडीबाहेर पसरून स्थानिक झाडोऱ्याला त्रासदायक ठरला आहे. घराच्या भाटात, नजरेखाली, पाच-दहा झाडे, एवढीच मर्यादा असावी.

४. साहित्य आणि कागदपत्रे

– बी, आणि त्यासोबत शास्त्रीय नाव, बी कुठून गोळा केले ते ठिकाण आणि महिना लिहिलेली पावती
– नदीची धुतलेली वाळू, भाटातील लाल माती, नारळाचा कुजलेला सोडणाचा भुसा
– सुमारे दहा बाय वीस सेंटिमीटरच्या, बुडाशी भोके असलेल्या काळ्या पिशव्या
– बारीक झारी, लोखंडी जाळी, भिंग
– जुन्या पाइनखालची थोडी माती (सहावा टप्पा पाहा)
– जमिनीचा फॉर्म एक-चौदा, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या हक्काचा उतारा, त्यावर तुमचे किंवा कुटुंबाचे नाव असल्याची खात्री करून

शेवटचा कागद लावताना लागत नाही, पण पुढे झाड तोडण्याची वेळ आली तर लागतो, आणि सामाईक भाटात झाड कोणाच्या वाट्याच्या जमिनीत उभे आहे हा वाद टाळायचा असेल तर तो आधीच पाहिलेला बरा.

परदेशातून टपालाने बी मागवण्याचा मोह अनेकांना होतो. २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बाहेरून बी आणायला आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे तो मार्ग सोडून दक्षिण भारतातील लागवडींतून गोळा केलेले बी वन संशोधन संस्थांच्या बीजकेंद्रांकडे किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडे विचारावे.

५. पेरणी

पेरणीसाठी तुळशीच्या लग्नानंतरचा काळ उत्तम. पाऊस पूर्ण थांबलेला असतो आणि जुलैपर्यंत रोपाला सात महिने मिळतात. बी एक दिवस साध्या पाण्यात भिजवावे. तळाशी बसलेले बी घ्यावे, तरंगणारे बहुतेक पोकळ असते. ट्रेमध्ये धुतलेली वाळू आणि थोडा भुसा भरून, त्याआधी त्यावर उकळते पाणी ओतून निवू द्यावे, आणि बी एक सेंटिमीटर खोल पेरावे. शेणखत या टप्प्यावर घालू नये.

दोन ते तीन आठवड्यांत रोप वर येते, आणि ते दृश्य पाहण्यासारखे असते. बारीक लालसर देठ वाकडा होऊन मातीतून निघतो, सरळ होतो, आणि त्याच्या डोक्यावर बियाचे टरफल टोपीसारखे बसलेले असते. टोपीखाली सहा-सात हिरव्या पात्या मिटलेल्या असतात. दोन-चार दिवसांत टोपी गळते आणि त्या छत्रीच्या काड्यांसारख्या उघडतात. ही टोपी हाताने काढू नये, पात्यांची टोके तुटतात. नेमकी हीच टोपी पाखरांना दिसते आणि ती टिपताना ती रोपाचा शेंडाच नेतात, म्हणून ट्रेवर जाळी हवीच. मुंग्यांसाठी ट्रेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

त्यानंतर येणाऱ्या सुया एकेकट्या, आखूड आणि निळसर हिरव्या असतात, झुबके कुठेच नसतात. पहिल्या टप्प्यातली खूण इथे लागू पडत नाही. पाइनच्या बाल्यावस्थेतील पाने अशीच असतात आणि झुबके काही महिन्यांनी फुटतात. फसवले गेलो असे वाटून रोपे फेकून देऊ नका.

या काळातील मुख्य शत्रू म्हणजे रोप जमिनीलगत काळे पडून कोलमडणे. हा बुरशीजन्य रोग जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा यांमुळे होतो. सकाळी एकदाच पाणी द्यावे, वरची वाळू संध्याकाळपर्यंत सुकलेली दिसली पाहिजे. कोलमडलेले रोप दिसताच भोवतालच्या वाळूसकट उचलून टाकावे.

६. मुळांची सोबतीण बुरशी

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हा आहे. कोलमड घडवणारी बुरशी वाईट, पण पाइन जगतो तो दुसऱ्या प्रकारच्या बुरशीच्या आधारावरच. तिचे तंतू पाइनच्या बारीक मुळांच्या टोकांभोवती मोज्यासारखे वेढतात, मातीतून फॉस्फरस आणि पाणी ओढून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाने केलेली साखर घेतात. ही जोडी नसेल तर रोप उगवते, बियातील साठ्यावर काही आठवडे वाढते, आणि मग थांबते. सुया जांभळट किंवा पिवळ्या होतात, नवीन वाढ येत नाही. माझ्या पहिल्या चाळीस रोपांचे हेच झाले, आणि मी मात्र खत कमी पडले असे समजून शेणाचे पाणी देत राहिलो.

आपल्या मातीत बुरशी नाही असे नाही. पण आंबा, फणस, माड, पोफळ यांच्या मुळांशी नाते जोडणाऱ्या बुरशी वेगळ्या गटातल्या आहेत आणि पाइनला त्यांचा उपयोग होत नाही. जिथे पाइन कधीच नव्हता अशा अनेक उष्ण प्रदेशांत हीच अडचण आली. पोर्तो रिको बेटावर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाइनची रोपे पुन्हा पुन्हा फसत होती; अमेरिकेतील पाइनवनातली माती आणून मिसळल्यावरच ती वाढू लागली.

उपाय साधा आहे. कोठेतरी निरोगी, जुन्या पाइनचे झाड शोधा. मला घाटावरच्या एका परिचितांच्या मळ्यात ते मिळाले. झाडाखालच्या पडलेल्या सुया बाजूला सारल्या की मातीच्या वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये पांढरे, कापसाच्या धाग्यांसारखे तंतू दिसतात. ती माती, बारीक मुळांच्या तुकड्यांसकट, ओलसर ठेवून आणावी, उन्हात वाळवू नये आणि आठवड्याच्या आत वापरावी. पिशव्या भरताना दहा भाग मिश्रणाला एक भाग ही माती पुरते. ती रोगट झाडाखालून आणू नये, आणि आणलेली भाटात इतरत्र टाकू नये.

इथे एक मोठा सापळा आहे. कृषी सेवा केंद्रांत ‘मायकोरायझा’ (मुळांशी नाते जोडणारी बुरशी) नावाची पावडर सर्रास मिळते आणि विक्रेता ती पाइनला चालेल असे सांगतो. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचा. ग्लोमस किंवा रायझोफॅगस असे लिहिले असेल तर ती भाजीपाला आणि फळझाडांसाठी आहे, पाइनला निरुपयोगी. पिसोलिथस किंवा रायझोपोगॉन ही नावे असतील तरच घ्यावी. मी पहिल्याच प्रकारची दोन पाकिटे घेऊन वापरली होती.

बुरशी लागली की नाही हे तपासता येते. तीन महिन्यांनी एका रोपाची पिशवी फाडून मुळे पाण्यात धुवा आणि भिंगाखाली धरा. मुळांची आखूड टोके इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली आणि फुगीर दिसली, त्यांवर पांढरी किंवा पिवळसर लव असली, की जोडी जमली. हे एक रोप खर्ची पडले तरी चालेल. बुरशी मिसळल्यानंतर पिशव्यांत बुरशीनाशक ओतू नये हे वेगळे सांगायला नको.

७. पिशवीतील महिने

टोपी गळून पात्या उघडल्या की रोपे चिमट्याने उचलून पिशवीत हलवावीत; मूळ सरळ खाली गेले पाहिजे. पहिले दोन आठवडे हलकी सावली, नंतर हळूहळू पूर्ण ऊन. माती वरून सुकल्यावर पाणी द्यावे. मे महिन्यात पिशव्या जागच्या जागी फिरवाव्यात, नाहीतर मूळ बुडातून जमिनीत शिरते आणि उचलताना तुटते.

८. लावणी

खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, रुंद आणि तितकेच खोल. खाली चिऱ्याचा कठीण थर लागला तर पहारीने फोडावा, कारण अखंड कातळात खणलेला खड्डा पावसात हौदासारखा भरतो. दोन झाडांमध्ये निदान चार मीटर अंतर असावे.

मिरगाचा पहिला पाऊस पडला म्हणून घाई करू नये. जमीन खोलवर भिजेपर्यंत, साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत थांबावे. पिशवी पूर्ण काढावी, बुडाशी गोल फिरलेली मुळे धारदार सुरीने कापावीत, मातीचा गोळा मात्र फुटू देऊ नये, कारण बुरशी त्यातच आहे. रोप पिशवीत होते तितकेच खोल बसवावे. भोवती आळे करण्याऐवजी माती किंचित उंच ठेवावी, जेणेकरून पाणी खोडाशी थांबणार नाही.

भाटात जवळपास वारूळ, म्हणजे आपली रोयण, असेल तर वाळवी नव्या रोपाच्या मुळांवर येते. रोयणीला अनेक ठिकाणी सातेरी देवीचे रूप मानतात, ती मोडू नये. रोपच तिच्यापासून दूर लावावे आणि खड्ड्यात निंबोळी पेंड घालावी.

९. पहिली तीन वर्षे

घरातील वडीलधारी माणसे मायेने पाइनच्या बुडाशी चुलीची राख आणि मीठ घालतात, कारण माडाला ते घालण्याची पद्धत आहे. पाइनला दोन्ही वर्ज्य. राख आणि चुना मातीची आम्लता घालवतात आणि सुया पिवळ्या पडतात. युरियाही नको. फारच निकस माती असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर सुपर फॉस्फेट पुरे.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी द्यावे, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी, नंतर बंद. रानमोडीचे तण आणि गवत चवथीच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, झाडाभोवती दीड मीटरपर्यंत कापून काढावे. दुसरी कापणी अत्यावश्यक आहे. जानेवारीपासून डोंगरउतारांवर वणवे लागतात आणि कोवळ्या पाइनची साल पातळ असते. झाड मोठे झाले की खाली पडलेल्या सुयांचा थरही सहज पेट घेतो. उत्तराखंडात याच थराला पिरूल म्हणतात आणि तिथल्या वणव्यांचे ते एक मोठे कारण आहे. सुया गोळा करून अळूच्या किंवा भाजीच्या वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसराव्यात.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादे झाड एकही फांदी न फोडता नुसते सरळ उंच वाढू लागले तर घाबरू नका. उष्ण सखल प्रदेशात कॅरिबियन पाइनच्या काही झाडांना ही सवय असते, त्याला कोल्ह्याची शेपटी म्हणतात. शेंडा कापू नये; बहुतेक झाडे पुढे फांद्या फोडतात. तोवर बांबूचा आधार द्यावा, कारण असे खोड पावसाळी वाऱ्यात मोडते. छाटणीबाबत एवढेच, की सुया नसलेल्या जुन्या फांदीवर पाइन सहसा नवीन फुटवा देत नाही. कापायचे असेल तर खालची वाळलेली फांदी तेवढी कापावी, तीही उन्हाळ्यात.

१०. झाड काढायची वेळ आली तर

आपल्या जमिनीतले, आपण लावलेले झाड आहे म्हणून ते परवानगीशिवाय तोडता येते असा गैरसमज आहे. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे आणि खासगी जमिनीवरील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्यांची, म्हणजे वन खात्याची, लेखी परवानगी लागते. अर्जासोबत फॉर्म एक-चौदा जोडावा लागतो. सामाईक जमीन असेल तर इतर वाटेकऱ्यांची लेखी संमतीही आधीच घेऊन ठेवावी. घराशेजारी लावलेल्या त्या दोन अरौकारियांपैकी भिंतीला लागलेले एक काढताना मी हे सर्व कागद गोळा केले. दुसरे अजून उभे आहे आणि दक्षिणेकडे, विहिरीच्या बाजूला, कलले आहे.